‘आजीसाठी एवढी रडली नव्हतीस’

(‘गेम ऑफ थ्रोन्स’चा तिसरा सीझन ज्यांचा बघून झालेला नाही, त्यांनी या आठवड्यापुरतं हे सदर सोडून द्यावं. पुढे सगळं फोडलेलं आहे.)

मावशी,

मी २६ वर्षांची, ठाण्यात आईबाबा आणि मोठ्या भावासोबत राहते. दादा कितीतरी वर्षं मागे लागला होता, म्हणून शेवटी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघायला घेतलं आणि त्यात पार बुडून गेले. त्यातला उत्तरेचा तरुण राजा रॉब स्टार्क माझा सगळ्यात लाडका. तिसऱ्या सीझनचा नववा भाग लावला त्या रात्री, एरवी आपल्या खोलीतून बाहेर न येणारा दादा मुद्दाम समोरच्या खुर्चीत येऊन बसला. मी किंचाळले, उशी टीव्हीवर फेकली आणि भाग संपल्यावर फरशीवर बसून हुंदके देत रडले. दादानं सगळं मोबाइलवर शूट करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. सगळ्यांची करमणूक झाली. काकांनी लिहिलं, ‘मालिकेपायी कोण एवढं रडतं? डॉक्टरला दाखवा.’ ते मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली, ‘आजी गेली तेव्हा एवढी रडली नव्हतीस.’

आजी म्हणजे आईची आई. मागच्या वर्षी गेली. ती आमच्याकडेच होती. त्या दिवशी नातेवाइकांना फोन करणं, येणाऱ्यांचा चहा, दवाखान्याचे कागद, सगळं मीच बघत होते. खरंच रडले नव्हते मी. आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही आणि झोपही नीट लागत नाही. मी दगड आहे का? मालिका पुढे बघू की सोडू? आणि दादा म्हणतो पुस्तक वाच, ते वाचू का?

– उत्तरेची लेक

*

प्रिय लेकी,

दगड उशा फेकत नाहीत, तेव्हा तो प्रश्न लगेच निकालात काढू. बाकीचे जरा वेळ घेतील.

आधी त्या भागाबद्दल बोलते, कारण तुझ्या घरात त्याबद्दल कुणी बोललेलंच दिसत नाही. सगळे तुझ्या चेहऱ्याबद्दल बोलले. तुझ्यावर त्या रात्री जो डाव टाकला गेला तो फार बेतून टाकलेला होता, आणि तू त्यात सापडलीस याचा अर्थ तू नीट लक्ष देऊन बघत होतीस.

आठव. रॉबच्या मामाच्या, एडम्योरच्या, लग्नासाठी रॉब आणि त्याची माणसं दमून फ्रे घराण्याच्या गढीवर पोचतात, आणि घराण्याचा म्हातारा प्रमुख वॉल्डर फ्रे सगळ्यांना ब्रेड आणि मीठ देतो. त्या जगात यजमानाचं ब्रेड-मीठ खाल्लं की पाहुण्याच्या केसाला धक्का लागायचा नाही, हा देवांसमोरचा नियम. खाल्ल्या मिठाचं आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तू तिथेच निर्धास्त झाली असणार. त्यानंतर जवळजवळ सगळं विनोदी आहे. म्हातारा चावट बोलतो. एडम्योर बायको कशी मिळते या काळजीनं अर्धमेला झालेला असतो, नवरीचा पदर दूर होतो आणि ती देखणी निघते, रॉबसकट सगळे गालात हसतात. आपणही हसतो. रॉबची गरोदर बायको टालिसा त्याला सांगते, मुलगा झाला तर तुझ्या वडिलांचं नाव, नेड, ठेवू. रॉबची आई केटलिन, जिच्या कपाळावरची आठी तीन सीझन मोडली नव्हती, तीसुद्धा जराशी सैलावते.

मग नवरा-नवरीला वाजतगाजत खोलीकडे नेतात आणि मागे कुणीतरी दार लावून घेतं. गॅलरीतले वादक चाल बदलतात.

ती चाल तुझ्या कानावरून आधी गेली होती. दुसऱ्या सीझनमध्ये स्टार्कांच्या वैऱ्यांचे, लॅनिस्टरांचे, सैनिक तेच गाणं म्हणतात. आणि तिसऱ्याच सीझनच्या आठव्या भागात लॅनिस्टरांची सर्सी आपल्या होणाऱ्या सुनेला, मार्जरीला, कॅस्टमेअरच्या रेन घराण्याची गोष्ट ऐकवते: ज्यांनी सर्सीच्या बापाला, टायविन लॅनिस्टरला, आव्हान दिलं आणि जे मुळासकट संपले. हेही एका लग्नातच. म्हणजे आदल्या भागातल्या लग्नात गोष्ट सांगून ठेवायची आणि पुढच्या भागातल्या लग्नात नुसते सूर वाजवायचे. नवव्या भागाचं नावच त्या गाण्यावरून आहे, ‘द रेन्स ऑफ कॅस्टमेअर’. सगळं तुझ्यासमोर उघडं मांडलेलं होतं. आणि दिग्दर्शक डेव्हिड नटर तिथून पुढे घाई करत नाही. केटलिन ऐकते. तिला कळतं. शेजारी बसलेल्या रॉबच्याच सरदाराची, रूस बोल्टनची, बाही ती वर करते आणि आत चिलखत असतं. मिशेल फेअरलीच्या चेहऱ्यावर ते कळणं उमटतं त्या दोन क्षणांत आपल्यालाही कळतं, आणि करता काहीच येत नाही. तू किंचाळलीस ती तिथे की टालिसाच्या पोटात सुरा गेला तेव्हा, हे पत्रात नाही. बहुतेक जण दुसऱ्या ठिकाणी किंचाळतात. मला बाहीचं जास्त लागतं.

त्यात रॉबची धाकटी बहीण आर्या दाराबाहेर. नेडचं डोकं उडालं तेव्हाही पोरगी तिथेच होती, आणि इतकी वणवण करून आईपासून हाकेच्या अंतरावर येते ती नेमकी याच रात्री. हे क्रूर आहे, आणि मला विचारशील तर थोडं जास्तच क्रूर आहे. शेवटी आईच्या डोळ्यांदेखत रॉब मारला जातो, केटलिन ओरडते, गप्प होते, तिचा गळा चिरला जातो, आणि नामावली सुरू होते ती मुकी. नेहमीचं संगीत नाही. एरवी त्या संगीतावर आपण पाणी प्यायला उठतो, मोबाइल बघतो. त्या रात्री तेवढीही सुटका ठेवलेली नाही. म्हणून तुझे हुंदके दादाच्या व्हिडिओत इतके स्वच्छ ऐकू आले असतील.

आणखी एक कारण आहे. पहिल्या सीझनच्या नवव्या भागात नेड मारला गेला, तेव्हा तुला वाटलं असेल की आता या लेखकाची रीत कळली. मोठा माणूस मरतो, मग मुलगा सूड घेतो. गोष्टी अशाच तर चालतात. मूळ कादंबऱ्यांचा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिननं ती समजूत दोन सीझन जपू दिली. रॉबला एकही लढाई हरू दिली नाही. फक्त एक शब्द मोडायला लावला, फ्रेंच्या मुलीशी लग्न करण्याचा, तोही (मालिकेत) प्रेमापायी, म्हणजे तू त्याला मनातल्या मनात माफ करून टाकावंस म्हणून. तू केलंस. वॉल्डर फ्रेनं केलं नाही.

मार्टिनला स्वतःलाही हे सोपं गेलं नव्हतं. मूळ कादंबरीत हा प्रसंग साधारण दोन तृतीयांशावर येतो. तिथे पोचल्यावर त्यानं तो ओलांडून पुढचं सगळं पुस्तक लिहून काढलं आणि हे प्रकरण शेवटी लिहिलं, असं त्यानंच मुलाखतीत सांगितलंय. रक्तपाताची कल्पना त्याला स्कॉटलंडच्या इतिहासातून मिळाली. १४४० मध्ये एडिंबराच्या किल्ल्यात डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना दहा वर्षांच्या राजासोबत जेवायला बोलावलं आणि त्यांची डोकी उडवली. दंतकथा अशी की ताटात काळ्या बैलाचं मुंडकं आणून ठेवलं, ती मरणाची खूण होती. आणि १६९२ च्या फेब्रुवारीत ग्लेन्कोच्या खोऱ्यात मॅकडोनल्ड मंडळींच्या घरी जवळजवळ दोन आठवडे राहून, त्यांचं अन्न खाऊन, सैनिकांनी एका पहाटे त्याच यजमानांना मारलं. काकांना हे सांगितलंस तरी चालेल. मालिकेपायी कोण रडतं म्हणे! १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायच्या आत आंघोळी उरकून लोक टीव्हीला हार घालत होते, तेव्हा काका काय करत होते, हेही विचार.

आता दादा. त्यानं केलं ते त्याचं डोकं नव्हे. कादंबरीचा तो खंड २००० साली आला आणि हा भाग दाखवला गेला २ जून २०१३ ला. मधली सगळी वर्षं पुस्तक वाचलेली माणसं हे गुपित पोटात घेऊन हिंडत होती. तो रविवार आला तेव्हा अनेकांनी आपल्या बायकोसमोर, भावासमोर, मित्रासमोर गुपचूप कॅमेरे लावले. ते व्हिडिओ यूट्यूबवर इतके पसरले की एका अमेरिकी टॉक शोमध्ये ते खुद्द मार्टिनला बसवून दाखवले गेले. वाटलं तर त्यातला एखादा बघ. तोंडावर गेलेले हात, उठून उभे राहिलेले लोक, ‘नाही, नाही’ करणारे आडदांड गडी. तुझ्यासारखंच सगळं.

म्हणून शूट करण्याबद्दल मी त्याला अर्धं माफ करते. ज्यानं हा भाग बघितलाय त्याला तो पहिल्यांदा पुन्हा कधीच बघता येत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. समोरच्या खुर्चीत तो तुझी मजा बघायलाच बसला होता असं मला वाटत नाही. पण तुला न विचारता ते ग्रुपवर टाकणं, तेही ज्यांनी एक मिनिटसुद्धा मालिका बघितलेली नाही अशा माणसांपुढे, हे चूकच. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची मुदत आता टळून गेली असेल. तेव्हा त्याला सांग, ग्रुपवर लिही, की व्हिडिओ मी हिला न विचारता टाकला होता, तुमच्याकडे असेल तर काढून टाका. एवढंच दोन ओळींत. ‘अगं गंमत होती’ म्हणाला तर तुला भांडायची गरज नाही. शांतपणे विचार, ‘तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काय केलंस?’ आणि उत्तर येईपर्यंत उठू देऊ नकोस. माझा अंदाज आहे की तेही ऐकण्यासारखं असेल.

आता आई.

तिचं वाक्य तू पुन्हा वाच, मात्र यावेळी ‘तू’वर नको, ‘आजी’वर थांब. तुझी आजी ही तिची आई होती. तिची आई गेली त्या दिवशी तिनं तुझ्याकडे बघितलं होतं; बघितल्याशिवाय तुझे डोळे कोरडे होते हे वर्षभर कुणाच्या लक्षात राहत नाही. तिला बहुधा कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायचं होतं, आणि तू आत चहाचं आधण टाकत होतीस. तू गैर काही करत नव्हतीस. घरात माणूस गेलं की कुणाला तरी आधण टाकावंच लागतं, आणि कर्ती सवरती पोर असली की ते तिच्यावर येतं. पण तिला तेव्हा जे मिळालं नाही ते तिला अचानक मोबाइलवर दिसलं: तू, फरशीवर, हुंदके देताना, कुठल्या तरी गोऱ्या राजपुत्रासाठी. तिच्या जागी मलाही टोचलं असतं.

मग एकासाठी डोळे कोरडे आणि दुसऱ्यासाठी पूर का? यावर आपल्याकडे फार जुनी चर्चा आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी टिकून असलेली भावना, शोक सांगितला. पुढे भट्टनायक आणि अभिनवगुप्त या रसचर्चा करणाऱ्या पंडितांपुढे प्रश्न आला की परक्या राजाराणीच्या शोकानं प्रेक्षक का गलबलतो, आणि वर पुन्हा तिकीट काढून का जातो. (तिकीट माझं. त्यांच्या वेळी नसावं.) त्यांचं म्हणणं साधारण असं, की रंगभूमीवरचा शोक ना धड माझा असतो ना धड परक्याचा. तो माझा नसल्यामुळे मला काही करावं लागत नाही, आणि परक्याचा नसल्यामुळे मी दार लावून घेत नाही. म्हणून तो अख्खा भोगता येतो. आजीच्या वेळचं दुःख मात्र तुझं होतं, आणि त्याच्यासोबत कामांची यादी होती. दाखला, फोन, किती माणसं येणार, दूध पुरेल का. टालिसा पडली तेव्हा तुला कुणी विचारलं नाही की दूध पुरेल का.

यावरून तुझं रॉबवर प्रेम जास्त आणि आजीवर कमी असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो कच्चा आहे. अश्रू मोजून माया ठरत असती तर आपल्यातले निम्मे बापे नापास झाले असते.

त्या रात्रीच्या रडण्यात आजीही होती का? असेल. वर्षभर आत राहिलेलं असं कुठल्याही फटीतून बाहेर येतं. पण मी ते ठासून सांगणार नाही, कारण मग ‘मी खरं तर आजीसाठीच रडले’ असं तू आईला सांगशील, आणि ते खोटं असेल तर तिला लगेच कळेल. तू निव्वळ रॉबसाठी, केटलिनसाठी, पोटातल्या छोट्या नेडसाठी रडली असशील तरी त्यात काही कमी नाही.

आईला काय सांगायचं? मालिकेबद्दल काहीही नाही. रसचर्चा तर मुळीच नको. ती आपल्या दोघींत राहू दे. ‘बघ, हा सीन असा आहे’ म्हणून तिला तो भाग दाखवायला जाशील तर अजून बिघडेल. तिच्या रिकाम्या वेळी, भाजी निवडताना म्हण किंवा रात्री ओटा पुसून झाल्यावर म्हण, नुसतं विचार: ‘आई, त्या दिवशी मी तुझ्याजवळ बसले नाही ना?’ त्यापुढे ‘पण मी चहा करत होते’ हे जोडू नकोस. तिला माहीत आहे. ती रागावेल, किंवा विषय झटकेल, किंवा आजीचं काहीतरी सांगायला लागेल. झटकलाच तर तिथे सोड आणि काही दिवसांनी आजीचंच काहीतरी काढ, एखादा पदार्थ, एखादी साडी. कपाटात तिच्या वस्तू अजून तशाच असतील तर त्या दोघींनी मिळून लावायला घ्या. हातात काम असलं की तुम्ही दोघी बोलाल असं तुझ्या पत्रावरून वाटतं. रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तर ओढूनताणून आणू नकोस.

झोपेचं म्हणशील तर असे भाग रात्री उशिरा, दिवे घालवून, ऑटोप्ले चालू ठेवून बघायचे नाहीत. थोडे दिवस जाऊ दे. दोन-तीन आठवड्यांनीही झोप येत नसेल, किंवा मालिका मागे पडून आजीचेच विचार छातीवर बसत असतील, तर डॉक्टरांकडे जा. काका टोमणा मारतात म्हणून जायचं टाळू नकोस.

मालिका सोडू नकोस, असं माझं मत. म्हणजे सोडायची तर सोड, तुझी मर्जी, पण नवव्या भागावर नको, कारण मग ती मुकी नामावलीच तुझ्याजवळ राहील. दहावा भाग दिवसाउजेडी बघ. एक सांगून ठेवते, त्याची पहिली काही मिनिटं त्याच रात्रीची आहेत आणि त्यात एक दृश्य फार वाईट आहे. ते सरकवून पुढे गेलीस तर गोष्टीचं काही अडत नाही. त्यापलीकडे कोण जगतं, कोण मरतं, फ्रेंचं काय होतं, हे मी काही केल्या सांगणार नाही. पत्राखाली आपला नंबर लिहिलायस, तरी नाही. आणि दादालाही ‘आता बघ हां’ म्हणायला बंदी घाल. त्या तीन शब्दांनी जितके भाग नासले असतील तितके कुठल्याही वाईट दिग्दर्शकानं नासले नसतील.

राहिलं पुस्तक. वाच, पण मालिका पुढे नेत असताना लगोलग नको. तिसऱ्या खंडात हे लग्न केटलिनच्याच नजरेतून येतं, त्यामुळे तो बाहीचा प्रकार तिच्या डोक्यात शिरून सोसावा लागतो. एक दिलासा आहे: पुस्तकात रॉबची बायको वेगळी आहे, तिचं नाव जेन, आणि ती त्या लग्नाला आलेलीच नसते. इंग्रजी जड जात असेल तर सावकाश जा. पाच खंड आहेत, एकेक उशीएवढा. पहिला १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि मी हे लिहितेय तोवर सहावा काही आलेला नाही. तेव्हा तू पाच वर्षं घेतलीस तरी मार्टिनच्या मागे पडशील असं मला वाटत नाही.

– मावशी